हिरवे पाणी आणि आठ गोळ्यांचा हिशेब

वाचकाचे पत्र: ‘आम्ही नागपुरात बेसा भागात राहतो. सुट्टीत आलेल्या दोन नातींसाठी अंगणात बारा फूट व्यासाचा, पाइपांच्या सांगाड्यावर उभा राहणारा गोल पोहण्याचा तलाव मांडला आहे. गुढीपाडव्याला तो बोअरच्या पाण्याने दोन फूट भरला. दुकानदाराच्या सांगण्यावरून दर आठवड्याला टीसीसीएची (पाण्यात हळूहळू विरघळून क्लोरीन सोडणाऱ्या औषधाची) २०० ग्रॅमची एक गोळी तरंगत्या डबीत टाकतो. आतापर्यंत आठ झाल्या. उन्हाने घटलेले पाणी रोज संध्याकाळी बोअरनेच भरून काढतो. गेल्या आठवड्यापासून पाणी हिरवट झाले आहे, कडा बुळबुळीत लागतात आणि मुलींचे डोळे चुरचुरतात. तपासणीच्या पट्टीवर मोकळा क्लोरीन ३ दिसतो, पीएच शेवटच्या गडद चौकटीपाशी म्हणजे ८.४ जवळ, अल्कलिनिटी आणि हार्डनेस दोन्ही अखेरच्या चौकटीत, आणि सायन्युरिक अ‍ॅसिड १०० ते १५० च्या मध्ये. दुकानदार आणखी गोळ्या आणि वर ब्लीचिंग पावडर टाकायला सांगतो, शेजारी तुरटी फिरवा म्हणतात, एकाने मोरचूद (कॉपर सल्फेट) सुचवले आहे. सगळे पाणी फेकून द्यायला या दिवसांत मन धजत नाही. काय करावे?’ — एक आजोबा

सप्रेम नमस्कार.

आपण पट्टीवरचे पाचही आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे माझे निम्मे काम झाले. बहुतेक पत्रांत ‘पाणी खराब झाले, काय टाकू?’ एवढेच असते आणि मग उत्तर देणाऱ्याला अंदाजाने बोलावे लागते. आपल्या आकड्यांवरून अंदाजाची गरज उरत नाही. पाण्यात क्लोरीन कमी पडलेला नाही; जो आहे तो बांधला गेला आहे. म्हणून आणखी गोळ्या टाकल्याने रोग बरा होणार नाही, उलट ज्या गोष्टीने तो जडला तीच वाढेल. तूर्त मुलींना पाण्यात उतरू देऊ नये. पाणी हिरवे असताना तळ दिसत नाही, आणि तळ न दिसणाऱ्या पाण्यात लहान मूल सोडणे हे रसायनांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी धोक्याचेच आहे.

आता हिशेब मांडू. बारा फूट व्यास आणि दोन फूट खोली म्हणजे साधारण ६,३०० लिटर पाणी. (हे ६.३ टन वजन आपण गच्चीवर न चढवता अंगणात ठेवलेत हे वाचून हायसे वाटले.) टीसीसीएच्या गोळीत वजनाच्या सुमारे ९० टक्के क्लोरीन उपलब्ध असतो असे डब्यावर लिहिलेले असते, आणि ते खरेही आहे, पण ती गोळी विरघळताना क्लोरीन सोडून मागे काय ठेवते, याबद्दल डबा गप्प असतो. मागे राहते ते सायन्युरिक अ‍ॅसिड. २०० ग्रॅमच्या एका गोळीतून ते जवळपास ११० ग्रॅम निघते आणि आपल्या ६,३०० लिटरमध्ये त्याची भर साडेसतरा पीपीएम इतकी पडते. पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. आठ गोळ्यांचे झाले १४०. पट्टी १०० ते १५० च्या मध्ये दाखवते आहे. म्हणजे पट्टी खोटे बोलत नाही आणि आपण गोळ्या मोजण्यातही चुकलेला नाहीत.

सायन्युरिक अ‍ॅसिड मुळात वाईट नाही, किंबहुना नागपूरच्या उन्हात ते थोडे असायलाच हवे. ते अजिबात नसलेल्या पाण्यातला मोकळा क्लोरीन भर उन्हात अर्ध्या-पाऊण तासात निम्म्यावर येतो. सकाळी नऊला टाकलेल्या औषधाचे दुपारपर्यंत नावनिशाण उरत नाही. हे अ‍ॅसिड क्लोरीनला सैलसर धरून ठेवते आणि सूर्यकिरणांपासून वाचवते. ३० ते ५० पीपीएमपर्यंत हा सौदा फायद्याचा असतो. त्यापुढे मात्र ते क्लोरीनला इतके घट्ट धरू लागते की शेवाळ मारायला मोकळा असा फारसा उरतच नाही, आणि पट्टी हा धरून ठेवलेला क्लोरीनही ‘मोकळा’ म्हणूनच मोजत असल्यामुळे माणूस फसतो. व्यवहारातला ठोकताळा असा की मोकळा क्लोरीन सायन्युरिक अ‍ॅसिडच्या साधारण साडेसात टक्के असावा. ४० असेल तर ३ पुरतो. १४० असेल तर साडेदहा लागतो. आपल्याकडे ३ आहे. दुसरे असे की हे अ‍ॅसिड उडून जात नाही, उन्हाने विटत नाही आणि गाळणीत अडकत नाही. ते बाहेर जाते ते पाण्यासोबतच.

दुसरी गाठ पीएचची, ज्याला आपल्याकडचे शेतकरी सामू म्हणतात. क्लोरीनचे जंतू मारणारे रूप आणि निष्क्रिय रूप यांचे प्रमाण पीएचवर ठरते. साध्या पाण्यात ७.५ ला ते जवळजवळ निम्मे-निम्मे असते, ८ ला कामाचे रूप पाव भागाच्या आसपास येते आणि ८.४ ला त्याहूनही खाली. डोळ्यांची चुरचुर हा बराचसा या पीएचचा आणि उरलेला घाम, डोक्याचे तेल व लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनचा परिणाम आहे. तलावाला जो ‘क्लोरीनचा वास’ येतो म्हणतात तो क्लोरामाइनचाच, आणि तो अधिक क्लोरीनचे नव्हे तर थकलेल्या क्लोरीनचे लक्षण असतो.

पीएच इतका चढला कसा, याचे उत्तर बोअरच्या पाण्यात आहे. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम, म्हणजे पट्टीवरचा हार्डनेस, तर असतेच, शिवाय बायकार्बोनेटही भरपूर असते, आणि पट्टीवरची अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः तेच. जमिनीखाली या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबून विरघळलेला असतो. बोअर सुरू केल्याबरोबर बादलीत पीएच मोजलात तर तो ७.२ सुद्धा भरेल. तेच पाणी उघड्या तलावात दोन-तीन दिवस राहिले, त्यात पंप फिरला, मुलींनी हातपाय मारले, की सोड्याच्या बाटलीतला गॅस निघावा तसा तो वायू निघून जातो आणि पीएच आपोआप आठच्या वर चढतो. टीसीसीए स्वभावाने आम्लधर्मी आहे, तरी अल्कलिनिटी एवढी असताना तिचे काही चालत नाही. शिवाय रोज नवे बोअरचे पाणी येऊन तिने केलेली घट भरून निघते.

हे ‘रोजचे थोडे पाणी’ किती होते, हेही पाहण्यासारखे आहे. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास उतरते. आपल्या तलावाचा पृष्ठभाग साडेदहा चौरस मीटर आहे, म्हणजे दिवसाला सुमारे १०५ लिटर आणि महिन्याला तीन हजारांहून अधिक, जवळजवळ अर्धा तलाव. वाफ होऊन जाते ते नुसते पाणी. क्षार जागेवरच राहतात. समजा बोअरच्या पाण्याचा हार्डनेस ४०० आहे, तर महिनाभर त्याच पाण्याने भर घातल्यावर तलावातला हार्डनेस ६०० होतो. कूलरच्या टाकीच्या कडेला आणि ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच इथे पंपाच्या नळीत आणि गाळणीच्या कापडात बसतो.

म्हणून उपाय एकच, आणि तो मन घट्ट करून करावा लागेल: दोन तृतीयांश पाणी काढणे. सगळे नव्हे. चोवीस इंचांतले सोळा इंच पाणी उपसले आणि आठ इंच ठेवले की नवे पाणी भरल्यावर सायन्युरिक अ‍ॅसिड ४५-४७ वर येते. हा आकडा आपल्या उन्हासाठी जसा हवा तसाच आहे. पूर्ण रिकामा करू नका असे सांगण्याचे कारण वेगळे: रिकामे प्लास्टिक उन्हात तापून आकसते, त्याला सुरकुत्या पडतात, आणि संध्याकाळी वादळ आले तर सांगाड्यासकट सारे उचलले जाते. उपसण्यापूर्वी कडा आणि तळ मऊ ब्रशने घासून घ्यावा, रात्रभर पंप बंद ठेवून गाळ बसू द्यावा, आणि सकाळी नळीचे तोंड तळाशी धरून तो गाळ आधी ओढून काढावा. पातळी पंपाच्या जाळीखाली गेली की पंप बंदच राहिला पाहिजे. कोरडा चालला तर तासाभरात जळतो. काढलेल्या चार हजार लिटरबद्दल मन खाते हे मला समजते. डबी बाहेर काढून चार-पाच दिवस उन्हात थांबलात आणि पट्टीवर क्लोरीन शून्य दिसला, तर त्या पाण्याने अंगण, गाडी, कुंपण धुता येईल आणि मोठ्या झाडांना एखादी पाळी देता येईल. कुंड्यांना, तुळशीला आणि कूलरला ते घालू नये.

नवे पाणी शक्यतो नळाचे भरा. महानगरपालिकेचे पाणी पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे, म्हणजे शुद्ध केलेले भूपृष्ठावरचे पाणी. बोअरच्या मानाने ते हलके असते. चार हजार लिटर एका दिवसात भरण्याची घाई नको. जमिनीतल्या टाकीत येणाऱ्या पाण्यातून घरची गरज भागवून उरेल ते तीन-चार दिवसांत सोडा, आणि नळाच्या लाइनला थेट टुल्लू पंप लावण्याचा मोह टाळा. तो बेकायदा आहे आणि शेजाऱ्याच्या घागरीवर त्याचा पहिला घाव पडतो. टँकर मागवणार असाल तर पाणी कुठले आहे हे आधी विचारा. पुष्कळ टँकर बोअरवर किंवा विहिरीवरच भरतात, आणि मग पैसे देऊन तेच दुखणे घरी आणल्यासारखे होईल. रोजची भरही यापुढे नळाच्याच पाण्याने घालावी.

भरून झाल्यावर दोन तास पंप फिरवून पीएच तपासा. क्लोरीनच्या आधी पीएच, हा क्रम मोडू नये, कारण पाण्यात क्लोरीन फार चढला की पीएचच्या लाल द्रवाचा रंग जांभळट होऊन आकडा चुकतो. पीएच ७.८ च्या वर असेल तर ड्राय अ‍ॅसिड, म्हणजे सोडियम बायसल्फेट, १०० ग्रॅम घ्यावे, बादलीभर पाण्यात हळूहळू सोडून विरघळवावे आणि पंपाच्या परतीच्या धारेजवळ फिरवत ओतावे. चार तासांनी पुन्हा मोजावे आणि लागले तरच पुन्हा तेवढेच टाकावे. ७.४ ते ७.६ झाले की थांबा. संडास धुण्याचे अ‍ॅसिड स्वस्त पडते, पण त्याची तीव्रता बाटलीगणिक बदलते आणि त्यात लोहाचा अंश असतो. मुलांच्या पाण्यात ते मी वापरत नाही. काही दिवसांनी पीएच पुन्हा चढेल, कारण उरलेल्या जुन्या पाण्यातली अल्कलिनिटी अजून बोलत राहील. प्रत्येक वेळी थोडे अ‍ॅसिड दिले की ती हळूहळू ८० ते १२० च्या दरम्यान उतरते आणि मग पीएच शांत होतो.

त्यानंतर क्लोरीन, आणि तो द्रवरूप: साधे सोडियम हायपोक्लोराइट, बिनसुगंधाचे, ज्यात साबण किंवा रंग मिसळलेला नाही असे. यातून सायन्युरिक अ‍ॅसिड वाढत नाही आणि कॅल्शियमही वाढत नाही. दहा टक्के तीव्रतेचे पाऊण लिटर आपल्या तलावात सुमारे १२ पीपीएम क्लोरीन आणते. ते सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून घालावे. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन पडण्यापूर्वी मोजावे. रात्रीत ऊन नसते, त्यामुळे रात्रभरात क्लोरीन एकापेक्षा जास्त पीपीएमने उतरला असेल तर तो शेवाळानेच खाल्ला आहे, असे समजून संध्याकाळी पुन्हा १२ पर्यंत न्यावा. पट्टी १० च्या पुढे मोजत नाही. अशा वेळी तलावाचे एक वाटी पाणी आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर एक वाटी मिसळून मोजावे आणि येईल तो आकडा दुप्पट करावा. दोन-तीन रात्रींत हिरवा रंग जाऊन पाणी आधी दुधाळ राखी दिसेल. ते मेलेले शेवाळ आहे, घाबरू नये. या काळात गाळणीचे कार्ट्रिज दिवसातून दोनदा नळीच्या धारेने धुवावे लागेल. तळ स्वच्छ दिसू लागला, रात्रीची घट एकच्या आत आली आणि क्लोरीन ४ वर उतरला, की मुलींना खुशाल हाक मारा.

हायपोक्लोराइट ताजे घेणे महत्त्वाचे. दुकानाच्या ओट्यावर उन्हात ठेवलेला कॅन कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नये. आपल्याकडच्या तापमानाला त्याची ताकद काही आठवड्यांतच निम्म्यावर येते आणि लेबलवरचे दहा टक्के लेबलवरच राहतात. पाच लिटरचा एक कॅन आणावा, सावलीत ठेवावा, संपला की दुसरा.

आता आपल्याला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल. तुरटी गढूळपणा खाली बसवते, शेवाळ मारत नाही. शिवाय तिने बसवलेला चिकट साका छोट्या कार्ट्रिजमध्ये गेला की ते कार्ट्रिज फेकावे लागते. मोरचूद शेवाळ मारते हे खरे, पण एवढ्या जड आणि एवढ्या पीएचच्या पाण्यात तांब्याचा बराच भाग निळसर साका होऊन बसतो, डाग पडतात, केसांना हिरवी झाक येते, आणि लहान मुले पोहताना पाणी गिळतातच. त्या वाटेला जाऊ नये. ब्लीचिंग पावडर एरवी वापरता येते, रात्री बादलीत कालवून सकाळी फक्त वरची निवळी घेतली तर; पण ती चुना आणते आणि पीएचही चढवते, म्हणजे आपल्या पाण्याला जे जास्त झाले आहे तेच.

आणि दुकानदाराने सांगितलेली गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर ही जोडी तर चुकूनही एकत्र येता कामा नये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका ओलसर मगने, ज्याच्या तळाशी टीसीसीएचा चमचाभर चुरा राहिला होता, ब्लीचिंग पावडर काढली. तो मग हातात असतानाच चर्र आवाज आला, पिवळसर धूर निघाला, आणि मी तो अंगणात भिरकावला तेव्हा त्याचा तळ मऊ होऊन एका बाजूला कलंडला होता. प्रमाण चमचाभर होते म्हणून हे आज लिहितो आहे. बंद डब्यात हेच झाले तर स्फोट होतो. त्या दिवसापासून माझ्याकडे तीन औषधांना तीन रंगांचे मग आहेत आणि तिन्ही हुकांवर वेगवेगळे टांगलेले असतात. अ‍ॅसिड आणि कोणताही क्लोरीन एकत्र आला तर विषारी वायू निघतो, म्हणून त्यांच्या दोन मात्रांमध्ये निदान तासभर पंप फिरू द्यावा. औषध पाण्यात टाकावे, औषधावर पाणी कधीही ओतू नये. तरंगत्या डबीत उरलेला गोळीचा तुकडा ओला असताना झाकणबंद डब्यात ठेवू नका. उघड्यावर, नातींच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, पूर्ण वाळू द्या.

रोजचे वेळापत्रक फार मोठे नाही. सकाळी ऊन पडण्यापूर्वी, परतीच्या धारेपासून दूर, कोपरभर खोलीवरून नमुना घेऊन क्लोरीन आणि पीएच पाहावा. क्लोरीन ३ ते ४ राखण्यासाठी संध्याकाळी १५० मिलिलिटरच्या आसपास हायपोक्लोराइट लागेल; त्यातून अडीचच्या जवळपास पीपीएम वाढतात, आणि आपल्या तलावाची नेमकी भूक चार दिवसांच्या नोंदीवरून आपल्यालाच कळेल. पंप दिवसाला आठ ते दहा तास चालू द्यावा. पट्ट्यांची डबी मात्र घरात, कोरड्या जागी ठेवा. खिडकीत तापलेल्या पट्ट्यांचे रंग फिके पडतात. पिवळा रंग देणारी ओटीओ द्रवाची पेटी कोणी देऊ केली तर लक्षात असू द्या, ती एकूण क्लोरीन दाखवते, मोकळा वेगळा दाखवत नाही. गुलाबी रंगाची डीपीडी पेटी मिळाली तर ती उत्तम. मुलींनी डोक्याचे तेल धुऊन, साबणाने अंघोळ करून आणि लघवीला जाऊन मगच पाण्यात उतरावे, हा नियम कडक ठेवलात तर निम्मे औषध वाचेल.

एका गोष्टीवर मात्र खर्च करावाच असे मी सुचवीन. शहरातल्या सिग्नलवर उन्हाळ्यात दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर जी हिरवी जाळी ताणतात, तशी जाळी तलावावर सात-आठ फुटांवर बांधून घ्या. क्लोरीन कमी जळेल, पाणी कमी उडेल, कडुनिंबाची पाने अडतील, आणि दुपारी गरम होणारे पाणी शेवाळाला आवडते त्यापेक्षा थोडे तरी थंड राहील. हे काम नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत उरकावे.

गोळ्यांचा डबा फेकू नका. पाऊस सुरू झाल्यावर तलावात दोन-चार दिवस पावसाचे पाणी पडले की सायन्युरिक अ‍ॅसिड उतरेल; पट्टीवर ते ३० च्या खाली आलेले दिसले तर त्या आठवड्यापुरती एक गोळी टाकण्यास हरकत नाही, ती साडेसतराची भर घालून पुन्हा योग्य जागी आणेल. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. नाती परत गेल्या की तलाव त्याच आठवड्यात रिकामा करून, सावलीत वाळवून, घडी करून ठेवावा. औषध बंद झालेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत एक पिढी काढतो.